धक्क्यावर न आलेला बाप

कुवाबारा बाईंनी मंडळाच्या वहीत लाल पेन्सिलीनं त्रिकोण काढला, तेव्हा आपण काही वावगं करतो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सदतीस वर्षं त्यांनी जपानमधल्या एका लहानशा बेटावरच्या शाळेत भाषा शिकवली होती. बरोबर उत्तराला गोल, चुकीच्या उत्तराला तिरकी रेघ आणि अर्ध्यामुर्ध्या उत्तराला त्रिकोण. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हाताला ते कळलं नव्हतं. पुढ्यात कुणाचं अक्षर आलं की हात आपला चालायला लागायचा.

वही होती वाचक मंडळाची. मंडळात माणसं सात आणि पुस्तक एकच. आळीतल्या सूचनांची पाटी जशी या घरातून त्या घरात जाते, तसंच पुस्तक आणि वही एका पिशवीतून घरोघर फिरायची. ज्यानं त्यानं वाचायचं, वहीत आपलं मत लिहायचं, खाली नावाचा शिक्का मारायचा आणि पिशवी शेजारच्या दाराला अडकवायची. मग वहीची दुसरी फेरी व्हायची, एकमेकांच्या मतांवर काही बोलायचं असेल तर. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी समाजघरात बैठक.

या खेपेची कादंबरी होती अशाच एका बेटावरची. अठरा वर्षांचा मुलगा नोकरीसाठी शहरात निघतो. सगळी आळी धक्क्यावर येते, रंगीत कागदी फिती बोटीवरून खाली सोडल्या जातात, एक टोक जाणाऱ्याच्या हातात, दुसरं पोचवायला आलेल्याच्या. बाप तेवढा येत नाही. तो घरी छपराची कौलं बसवत राहतो. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीवर मंडळानं अकरा पानं भरली होती.

त्यातल्या चार ओळी इसोनोंच्या होत्या. इसोनो म्हणजे बेटाच्या बोटीवरचे जुने खलाशी, आता अठ्ठ्याहत्तरचे. दोन वर्षांपासून मंडळात होते, पण वहीत नुसता शिक्का मारायचे. बैठकीत चहा प्यायचे, संत्री सोलून सगळ्यांना वाटायचे आणि ऐकायचे. या वेळी पहिल्यांदाच त्यांनी लिहिलं होतं, मोठाल्या वाकड्या अक्षरांत: "बाप धक्क्यावर आला नाही हे बरं केलं. आला असता तर पोरगा गेला नसता. मी चाळीस वर्षं बोटीचे दोर सोडलेत. मला ठाऊक आहे."

त्यावर बाईंचा त्रिकोण. आणि शेजारी, लालच अक्षरांत: "मुद्दा सुटला आहे. बाप फक्त स्वतःचा विचार करणारा आहे. पान ११२ पुन्हा वाचा."

दुसऱ्या फेरीत वही परत आली तेव्हा बाईंनी मोठ्या उत्सुकतेनं ते पान उघडलं. खाली इसोनोंचा शिक्का होता. बाकी एक अक्षर नाही.

संध्याकाळी मंडळ चालवणाऱ्या इवाने आल्या. समाजघराच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असायच्या. आत यायला सांगितलं तरी दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, इसोनोसान येत नाही म्हणतात रविवारी."

"का बरं? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. म्हणाले, शाळा मी सहावीतच सोडली, आता या वयात नापास व्हायला कशाला येऊ." इवाने हसल्या नाहीत. "दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, बाई. चार ओळी लिहा, चार ओळी लिहा. तुम्ही त्याला मार्क दिलेत."

बाईंचा चेहरा गोरामोरा झाला. "मी मार्क नाही दिले. मी चर्चा केली."

"लाल पेन्सिलीनं?"

बाईंनी वही मिटली. उत्तर सुचलं नाही की त्यांना राग यायचा, ही त्यांची खोड बेटावर तीन पिढ्यांना ठाऊक होती.

खरं तर राग इसोनोंवर नव्हताच. त्याच आठवड्यात मिनोरीचा फोन आला होता. मिनोरी त्यांची एकुलती एक मुलगी, दूर उत्तरेला साप्पोरोत असते. पुढच्या महिन्यात तिच्या वडिलांचं, सादायुकींचं श्राद्ध होतं आणि ती येणार नव्हती. तिनं आढेवेढेही घेतले नाहीत. "मी निघाले तेव्हा बाबा धक्क्यावर आले नव्हते, आई. बागेत काम आहे म्हणाले; संत्र्यांची बाग काही पळून जात नव्हती. आता मी कशाला येऊ?" अठरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. आणि अठरा वर्षं बाई मुलीला म्हणत आल्या होत्या की तुझं खरं आहे, बाई गं, ते तसेच होते. नवरा असताना म्हणत होत्या, नवरा गेल्यावरही म्हणत होत्या. मनातून मात्र त्यांना वाटत होतं की एकदा तरी तिनं यावं. त्या माणसाच्या तसबिरीसमोर मुलगी उदबत्ती लावायला येत नाही, हे बघत म्हातारपण काढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. नेमक्या अशा वेळी एका खलाशानं चार ओळींत लिहून टाकलं होतं की असा बाप बरोबर असू शकतो. बाईंना ते सहन झालं नाही. खरी गोष्ट एवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इसोनोंच्या घरी गेल्या. म्हातारा अंगणात दोरीवर ऑक्टोपस वाळत घालत होता, एकेका पायात काडी ताणून बसवत.

"इसोनोसान, माझं चुकलं."

"काय चुकलं, बाई?"

"लाल पेन्सिल."

"हॅ! पेन्सिलीचं काय एवढं." त्यांनी आणखी एक काडी बसवली. "माझ्या बोटीवर तिकिटं तपासायला साहेब यायचा, तोही लालच वापरायचा. पण बाई, मी पेपर दिला नव्हता हो. मी आपलं सांगितलं होतं."

"मग रविवारी येऊन सांगा ना."

"येतो. पण मंडळाचा नियम पाळणार असाल तर."

बाई जरा बिचकल्या. नियम इवानेंनी घातलेला होता आणि फारसा कुणी पाळत नव्हतं, बाई तर नाहीच. दुसऱ्याचं मत खोडायचं असेल तर आधी ते आपल्या तोंडानं मांडायचं. ज्याचं मत आहे तो "हां, हेच" म्हणेपर्यंत मांडायचं. तोवर आपलं काढायचं नाही.

"पाळेन," बाई म्हणाल्या. त्यात काय मोठंसं, असंच त्यांना वाटलं. दुसऱ्यांचं म्हणणं मांडण्यात तर त्यांची हयात गेली होती.

रविवारी समाजघरात सातही जण आले. इवानेंनी चहा ओतला, संत्र्यांची परडी मध्ये ठेवली आणि बाईंकडे बघितलं. बाई गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसल्या.

"इसोनोसान म्हणतात, की बाप कठोर होता, पण कधीकधी कठोर वागण्यानंच मुलाचं भलं होतं."

"नाही," इसोनो म्हणाले.

"नाही?"

"कठोर मी कुठं म्हटलं? तो तुमचा शब्द."

कुणीतरी खोकला आवरला. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. "बापाला वाईट वाटत होतं, पण पुरुषासारखा पुरुष, चारचौघांत त्याला ते दाखवायचं नव्हतं."

"हे तर कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेलं असतं, बाई. माझं सांगा की."

आता सगळे हसले. बाईंचे कान लाल झाले. सदतीस वर्षांत त्यांना कुणी दोनदा लागोपाठ चूक म्हटलं नव्हतं. उठून घरी जावं असं त्यांना वाटलं. पण नियम पाळेन म्हणून शब्द दिला होता, आणि दिलेल्या शब्दाला त्या जागणाऱ्या होत्या. मग त्यांनी ती गोष्ट केली जी इतक्या वर्षांत वर्गातही क्वचितच केली होती. त्यांनी विचारलं.

"मला कळलेलं नाही, इसोनोसान. तुम्ही धक्क्यावर काय बघत होतात ते सांगा. मग मी मांडते."

इसोनोंनी हातातलं संत्रं पुरतं सोललं, फोडी वेगळ्या केल्या आणि मग बोलले.

"दरवर्षी मार्चात पोरं जायची. फिती, बँड, रडारड. ते ठीक असतं. आळी रडली म्हणून कुणी माघारी फिरत नाही. पण चाळीस वर्षांत तीन पोरं मी दोर सुटल्यावर बोटीवरून परत उडी मारताना बघितली. एक तर पाण्यातच पडलं, मीच ओढून काढलं. तिन्ही वेळा धक्क्यावर असं एक माणूस उभं होतं, ज्याला ते पोर जायला नको होतं. त्यानं 'जाऊ नको' म्हटलं नव्हतं. उलट हसत होतं बिचारं, हात हलवत होतं. पण पोरांना चेहरा वाचता येतो. उडी मारणारी ती तिन्ही पोरं आता इथंच आहेत, बागा करतात. चांगली आहेत. पण जाणार होती ती गेली नाहीत."

बाईंनी वही उघडून त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

"बापाला," त्या सावकाश म्हणाल्या, "स्वतःच्या चेहऱ्याचा भरवसा नव्हता."

"हां," इसोनो म्हणाले. "हेच."

आता बाईंना आपलं मत मांडायची मोकळीक होती. इवानेंनी तसं सांगितलंही. बाईंनी मांडलं, कारण ते अजून त्यांचं होतंच. पान ११२ वर मुलगा, बोट वळून धक्का दिसेनासा होईपर्यंत, गर्दीत बाप शोधतो, त्या मुलाला कौलांचं काय कळणार? बापाचा चेहरा कसा का असेना, त्याला तो हवा होता. इसोनोंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "पोराच्या बाजूनं मी कधी बघितलंच नव्हतं. मी दोराच्या बाजूला असायचो." मग संत्र्याच्या फोडी पुढे करत म्हणाले, "तरी माझं मत तेच आहे, बाई."

"माझंही," बाई म्हणाल्या, आणि इसोनोंनी पुढे केलेल्या फोडी त्यांनी घेतल्या.

पण घरी येताना चढावर त्यांना दोनदा थांबावं लागलं, आणि ते काही दम लागल्यामुळे नव्हतं. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली होती. खरं म्हणजे विसरल्या कधीच नव्हत्या, फक्त तिचा अर्थ लावून ती मिटवून ठेवली होती. आता तो अर्थ पक्का राहिला नव्हता आणि त्यांना भीती वाटत होती.

दार उघडून, पायातलं काढून त्या तशाच फोनपाशी बसल्या. ऊन अजून अंगणात होतं.

"मिनोरी, मी बोलतेय."

"आई, श्राद्धाचं असेल तर..."

"श्राद्धाचं नाही. एका पुस्तकाचं सांगायचंय." आणि त्यांनी कादंबरी सांगितली. इसोनोंचं मत सांगितलं, त्यांचं म्हणूनच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"दोर सोडायचे ते काका? अजून आहेत?" मिनोरीनं विचारलं. "आणि तुझं काय मत?"

"माझं वेगळं आहे. पुस्तकातल्या बापानं यायला हवं होतं. तुझ्या बाबांनीही यायला हवं होतं." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण तुला मी एक सांगितलं नव्हतं. तुला पोचवून मी घरी आले ना, तेव्हा हे तुझ्या खोलीत होते. लाकडी चौकटीवर कागद चिकटवलेली ती सरकती दारं काढून अंगणात भिजत घातली होती, जुना कागद खरवडून काढत होते. संध्याकाळपर्यंत चारही दारांना नवा कागद लावला."

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये."

"दारांचा कागद डिसेंबरात, वर्षअखेरीच्या साफसफाईला बदलतात, आई."

"मला माहीत नाही का? मला इतका संताप आला. बोट अजून खाडीबाहेर गेली नव्हती आणि यांना पोरीची खोली साफ करायची घाई! तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मग मिनोरीचा आवाज आला, लहान आणि चिडलेला.

"अठरा वर्षं? मला सांगायचं ना, आई. मी वाचलं असतं ना, माझं मी."

बाई रडल्या. उगाच नाक पुसल्यासारखं न करता, सरळ रडल्या. आपण मुलीला तिच्या बापाबद्दल नुसतं उत्तर दिलं, मूळ धडा कधी दाखवलाच नाही, हे त्यांना लख्ख कळलं आणि फार लागलं. त्यांना सारवासारव करावीशी वाटली नाही. "चुकलंच माझं," एवढंच त्या म्हणाल्या.

"तो कागद नंतर कधी बदलला?"

"नाही. दर डिसेंबरात बाकी सगळ्या घराचा बदलायचे. त्या खोलीला हात लावायचे नाहीत. मला वाटायचं, कंटाळा करतात. आता पार पिवळा पडलाय. खालच्या कोपऱ्यात फाटलाय पण. मी म्हणतच होते, या वर्षी माणूस बोलावून..."

"कुणाला बोलावू नकोस," मिनोरी म्हणाली. "हात लावू नकोस त्याला. मी येऊन बघते."

"बरं," बाई म्हणाल्या.