अर्धं रताळं

अकरा नंबरचं ताट जसंच्या तसं परत आलं, आणि चांदभाईच्या हातातला झारा तिथंच थांबला. भाकरीला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

श्रीरामपूरच्या त्या दवाखान्यात चांदभाई बारा वर्षं स्वयंपाकी होता. परत आलेलं प्रत्येक ताट तपासायची त्याला तीन वर्षांपासून खोड लागली होती, आणि सिस्टर त्यावरून त्याची थट्टा करत. बहात्तर सालच्या त्या ऑक्टोबरात नवरात्र आणि रमजान एकदमच आलेले. त्यात दुष्काळ. दूध आलं तर मुलांच्या वॉर्डापुरतं, आणि भाजी म्हणाल तर रताळ्यांची एक पाटी. उपासवाल्या बायकांना रताळं हवंच. सात नंबरचे शेठजी जैन, ते जमिनीखालचं काही खायचे नाहीत. शुगरवाल्यांच्या कार्डावर डॉक्टरांनी लाल शाईनं ‘कंद बंद’ लिहिलेलं. एका पाटीपायी चांदभाईचं डोकं भणभणायचं. वर स्वतःचा रोजा, म्हणजे आमटी चाखायचीही सोय नाही. महिनाभर मीठ अंदाजानंच पडायचं, आणि त्याबद्दल बोलायला सगळे मोकळे होते.

अकरा नंबरला साळूबाई, शुगरची म्हातारी. आठला तिला इन्शुलिनची सुई दिली होती, आता सव्वानऊ. सुईवर उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते. चांदभाई ताट घेऊन वॉर्डाकडे जवळजवळ पळालाच.

रूथ सिस्टर तिला साखरेचं पाणी पाजत होत्या. म्हातारीच्या कपाळावर घाम, हात थरथरत होते. साखरपाणी थोडा वेळ धरेल, पण पोटात काहीतरी जायलाच हवं, हे सांगून सिस्टर थकल्या होत्या. डॉक्टर नगरला गेलेले, दुपारशिवाय येणार नव्हते.

“घट बसल्यात,” साळूबाई म्हणाली. “धान्य तोंडात घालनार न्हाई म्या.”

रताळं तिला चाललं असतं. सिस्टरनी कार्डावरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं.

चांदभाईला एका जागी उभं राहवेना. तो दारापर्यंत गेला, परत आला.

“मावशी, आमची मुबारकबी इथूनच सुई घेऊन जायची, आन गुपचूप रोजा धरायची. मला न्हाई सांगितलं. सांजच्याला घरी गेलो, तर झाकलेलं ताट तसंच हुतं. ती उठलीच न्हाई.”

त्याची बायको गेल्याचं सिस्टरना ठाऊक होतं. कशानं गेली, हे तीन वर्षांत तो कुणाजवळ बोलला नव्हता.

“रताळं मी देतो,” तो सिस्टरना म्हणाला. “डाक्टरांना माझं नाव सांगा.”

सिस्टरनी साळूबाईचा हात हातात घेऊन पाहिला. “अर्धंच द्या,” त्या म्हणाल्या.

दुपारी डॉक्टर खूप बोलले. स्वयंपाक्यानं झारा सांभाळावा, डॉक्टरकी नाही, असंही बोलले. संध्याकाळी कार्ड स्वयंपाकघरात आलं, तेव्हा ‘कंद बंद’च्या खाली त्याच लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘उपासाला अर्धे चालेल’.

अकरा नंबरचं रात्रीचं ताट परत आलं. त्यात नुसती सालं होती. चांदभाईनं ते दिव्याकडे धरून पुन्हा एकदा पाहिलं. अजान केव्हाच होऊन गेली होती, त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळचं उरलेलं अर्धं रताळं फडक्याखाली होतं. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. तो चुलीपाशीच बसला, आणि त्या अर्ध्यावर त्यानं रोजा सोडला.