ज्या दारावर भूत नव्हतं

ऑक्टोबर लागला की वर्ना केसलरच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरत नसे. पांढऱ्या लोकरीचे गुंडे, विणून झालेले नारिंगी भोपळे, भुतांच्या पोटात भरायचा कापूस, डोळ्यांसाठी काळ्या गुंड्यांची बरणी, असा सगळा पसारा तिथे पडलेला असे. आणि दर बुधवारी दुपारी त्या पसाऱ्याभोवती चर्चमधल्या बायका क्रोशाच्या सुया घेऊन बसत. ओहायो नदीच्या काठावरचं ते लहानसं गाव. काचेचा कारखाना बंद पडल्यापासून तिथे फारसं काही घडत नव्हतं. पण लोकस्ट रस्त्यावर हॅलोविनच्या आधी प्रत्येक घराच्या दारावर या बायकांनी विणलेलं एक वीतभर पांढरं भूत टांगलं जाई, ते मात्र कधी चुकलं नव्हतं. पोरांना बोलता येऊ लागलं की शिकवलं जाई, हॅलोविनला सोंगं घेऊन निघालं की ज्या दारावर भूत, तिथेच खाऊ मागायला जायचं.

आणखी एक रीत होती. ज्या घरातलं कोणी त्या वर्षात गेलेलं असेल, त्या घरच्या भुताच्या गळ्यात गेलेल्या माणसाच्या कपड्याची एक पट्टी बांधायची. ते कापड वर्नाने स्वतः जाऊन मागायचं. गेलं की घटकाभर बसायचं, कॉफी घ्यायची, गेलेल्याच्या चार आठवणी ऐकायच्या. वर्नाचा नवरा गेला त्या वर्षीचं भूत, गळ्यात निळ्या मफलरची पट्टी असलेलं, अजून तिच्या खिडकीत होतं.

यंदा असं एकच घर होतं. वर्नाच्या अगदी समोरचं, डार्ला प्रुइटचं.

डार्लाचा वेड नावाचा एकुलता एक मुलगा मार्चमध्ये गेला. पेट्रोलपंपाच्या संडासात, आतून कडी लावलेली, खिशात नशेची पुडी. सव्वीस वर्षांचा होता. शाळेत असताना तो वर्नाच्या पायऱ्यांवरचं बर्फ काढून द्यायचा. डार्ला याच टेबलाशी वर्षानुवर्षं विणायला बसत आली होती. मार्चनंतर ती आली नाही, आणि तिला कोणी बोलावलंही नाही.

"मग डार्लाकडे कापड आणायला कधी जातेयस?" ओपलआजींनी विचारलं. त्या नव्वदीला आल्या होत्या. बोटं वाकडी झाल्यामुळे आता त्या विणत नसत, नुसता कापूस भरत.

वर्नाने मान वर केली नाही. शेजारी बसलेल्या ट्वायलाने टाका संपवला आणि म्हणाली, "मला विचाराल तर यंदा ते घर राहू द्यावं. बिचारीच्या दारावर भूत टांगायचं म्हणजे जखमेवर मीठच की."

"हार्लन गेला तेव्हा त्याच्या बायकोच्या दारावर टांगलंस ना? तेव्हा मीठ संपलं होतं का घरातलं?"

एकदोघी हसल्या. ट्वायला नाही हसली. "हार्लनला कर्करोग होता, आजी. त्याने तो विकत नव्हता आणला."

"बरं. माझा नवरा मर्ल कशाने गेला?"

"हृदयविकाराने."

"यकृत सडून गेला. व्हिस्कीने. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी तुम्ही हृदय हृदय करत राहिलात, माझ्याकडे डबे आणलेत, त्याच्या टोपीचं कापड मागितलंत. मला तेवढ्यावर ते वर्ष काढता आलं. आता मला सांग, मर्लने बाटली दुकानातून आणली म्हणून तो आजारी, आणि त्या पोराने पुडी गल्लीतून आणली म्हणून तो गुन्हेगार? तो कसा मेला ते देव बघेल. त्याची आई जिवंत आहे, तिच्या दारात जायचं की नाही, एवढंच आपल्याला ठरवायचंय."

 वर्नाने सुई टेबलावर ठेवली.

"आजी, तुमचं सगळं खरं. पण एक मला कळत नाही. मुलगा एवढा हाताबाहेर जाईपर्यंत आईला पत्ता नाही, असं होतंच कसं? माझ्या घरात असलं काही असतं तर मला पहिल्या दिवशी वास आला असता."

स्वयंपाकघरात कपबशी खणकन वाजली.

"कोरीन, जपून गं," वर्नाने बसल्या जागेवरून हाक दिली. मग ती पुन्हा बायकांकडे वळली. "यंदा राहू द्या ते घर. पुढच्या वर्षी बघू. डार्लालाही तेवढीच शांतता."

आपण एका दुःखी बाईवर दयाच केली, असं त्या वेळी वर्नाला मनापासून वाटलं. ओपलआजींनी हातातलं भूत खाली ठेवलं आणि घरी सोडायला सांगितलं.

कोरीन ही वर्नाची मुलगी. गोदामात खोकी उचलताना तिचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, आणि मागच्या हिवाळ्यापासून ती आईकडे राहायला आली होती. लहानपणी तिच्या हाताला लोकर अशी वश होती की बायका बघत राहायच्या. त्या संध्याकाळी तिने विणलेलं भूत वर्नाने दिव्याखाली धरलं. साखळी कुठे घट्ट, कुठे लोंबत, मधले खांबाचे दोन टाके गायब.

"हे काय विणलंयस? झोपेत होतीस का? उसव आणि परत घाल."

"हो, आई," कोरीन म्हणाली, आणि तिने धागा ओढला. तिची बोटं थरथरत होती. खांद्यामुळे असेल, असं म्हणून वर्ना भांडी घासायला गेली.

हॅलोविनच्या संध्याकाळी ऊन अजून उतरलं नव्हतं तेव्हाच पोरं रस्त्यावर आली. चेटकिणी, समुद्री चाचे, सांगाडे. वर्ना आणि कोरीन ओट्यावर खाऊचं भांडं घेऊन बसल्या होत्या. मॅपलची पानं पायरीपर्यंत आली होती. वर्नाच्या दारावर नवं भूत वाऱ्यावर हलत होतं.

समोरच्या घराचं दार उघडलं. डार्ला बाहेर आली. अंगात नारिंगी स्वेटर, हातात मोठं पातेलं. तिने ओट्यावरचा दिवा लावला, कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती पेटवली, आणि खुर्चीवर बसली. पातेल्यात चॉकलेटच्या मोठ्या वड्या होत्या. वेड दर वर्षी हट्टाने मोठ्याच वड्या आणायचा. अख्ख्या रस्त्यावरची पोरं आधी त्या घराकडे धावायची.

पहिला घोळका आला. डार्ला खुर्चीतून उठली. पोरांनी दाराकडे पाहिलं आणि ती पुढच्या घराकडे पळाली. डार्ला बसली. दुसरा घोळका आला, ती पुन्हा उठली, पुन्हा बसली. सिंहाचं सोंग घेतलेलं एक अगदी छोटं पोर पायवाटेवर वळलं, तसं त्याच्या आईने त्याला शेपटीला धरून मागे ओढलं. "तिकडे नाही, सोन्या. तिथे भूत नाहीये बघ."

ते डार्लाने ऐकलं असणार, कारण वर्नाला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आलं.

"तिला माहीत नाही का गं, आई?" कोरीनने विचारलं. "दारावर भूत नाही ते?"

"माहीत आहे," वर्ना म्हणाली. इतकी वर्षं ती भुतं डार्लानेही विणली होती. भूत नसलेल्या दाराचा अर्थ तिला कळत नव्हता असं नाही, आणि तरी तिने दिवा लावला होता. 

डार्ला आणखी एकदा उठली. मग उठायची थांबली.

"आई, मी गेले तर माझ्या कपड्याची पट्टी कोण मागेल गं तुझ्याकडे?"

"सणाच्या दिवशी कसलं अभद्र बोलतेस?"

"डॉक्टरांनी खांद्याच्या दुखण्यावरच्या गुंगीच्या गोळ्या जूनमध्ये बंद केल्या," कोरीन रस्त्याकडे बघत म्हणाली. "मी नाही केल्या."

वर्नाला क्षणभर वाक्य कळलंच नाही. मग कळलं. "मग आणतेस कुठून?"

"वेड जिथून आणायचा, तिथून."

वर्नाच्या तोंडात पहिल्यांदा जे शब्द आले ते लोक काय म्हणतील हे होते. ते तिने गिळले.

"आणि मला सांगितलं नाहीस? तुझ्या आईला?"

"सांगणार होते. त्या बुधवारी. सगळ्या गेल्या की सांगायचं, असं ठरवून कपबशा भरत होते. मनात वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तू म्हणालीस, तुला पहिल्या दिवशी वास आला असता." कोरीनने बाही हातावर ओढून घेतली. "मग मी ठरवलं की नको."

समोर डार्ला पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. मधे फक्त रस्ता होता, गाडीही न फिरणारा. वर्नाला वाटलं, आपण आपल्याच ओट्याकडे बघतोय. ती बाई आपणच आहोत, एखाद्या वर्षानंतरची, आणि सगळं गाव आपल्या पोरांना शेपटीला धरून मागे ओढतंय.

ती उठली. आपल्या दारावरचं भूत तिने खिळ्यावरून काढलं आणि दुसऱ्या हाताने कोरीनचा हात धरला.

"कुठे?"

"समोर. कापड मागायला."

डार्लाने त्यांना येताना पाहिलं, पण या वेळी ती उठली नाही. वर्ना पायरीखाली उभी राहिली. रस्ताभर पाठ केलेलं सगळं ती विसरली होती.

"डार्ला, वेडच्या कपड्याची एक पट्टी हवी होती."

डार्लाने स्वेटरच्या खिशात हात घातला आणि लाल-काळ्या चौकड्यांच्या कापडाची एक पट्टी बाहेर काढली. नीट कापलेली, कडा दुमडून शिवलेली.

"सप्टेंबरपासून तयार आहे," ती म्हणाली. "दर बुधवारी तुझ्या दारात गाड्या लागायच्या. मला वाटायचं, आज येशील. कॉफी करून ठेवायचे."

"मला माफ कर."

"नाही," डार्ला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आज नाही जमणार मला ते."

पट्टी तिने वर्नाला दिलीच नाही. तिने ती कोरीनपुढे धरली. कोरीनचा हात पुढे आला, तेव्हा डार्लाची नजर त्या बोटांवर गेली आणि तिथेच थांबली. मग तिने कोरीनच्या डोळ्यांत पाहिलं. वर्नाला महिनोन्महिने दिसलं नव्हतं ते तिला तेवढ्यात दिसलं.

"किती दिवस चाललंय?"

"जूनपासून," कोरीन म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडू लागली.

डार्ला पातेलं बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसली. "आईला सांगितलंस ना? मग तू वेडच्या पुढे आहेस. त्याने मला सांगितलंच नाही. तो का सांगेल? मीही तुझ्या आईच्या टेबलाशी बसून बोललेय हे सगळं, बेकर कुटुंबातल्या मुलीबद्दल, ती नशेला लागली तेव्हा. असल्यांना गावाबाहेर काढा म्हणाले होते. वेड मला न्यायला आला होता. दारात उभा होता. मला वाटलं थंडीने लाल झालाय."

 डार्ला आत गेली आणि एक छोटी डबी घेऊन आली. नाकात फवारायचं औषध होतं. नशेने श्वास थांबला तर माणसाला परत आणणारं. "वेड गेल्यावर मला कळलं की हे असतं. घरात ठेवा, हाताशी. आणि कोरीन, एक वचन दे. एकटी असताना काही घ्यायचं नाही, आणि दार लावून तर कधीच नाही. सकाळी मी गाडी काढते. जिल्ह्याच्या दवाखान्यात एक बाई आहे, ती ओरडत नाही."

वर्नाने भुताच्या गळ्यात चौकड्यांची पट्टी बांधली आणि ते डार्लाच्या दारावर टांगलं. पण रस्ता तोवर रिकामा झाला होता. एकही पोर आलं नाही. निघताना डार्लाने पातेल्यातली एक मोठी वडी कोरीनच्या हातात ठेवली.

त्या चर्चमध्ये रविवारी एक वेळ अशी असते, जेव्हा लोक उभे राहून आपल्या घरातल्या आजाऱ्यांची नावं सांगतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. कोणाचं खुब्याचं हाड, कोणाची छाती, कोणाची साखर. पुढच्या रविवारी वर्ना उभी राहिली. पुढच्या बाकाला दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "माझी कोरीन आजारी आहे. तिला नशेच्या गोळ्यांचा आजार आहे. हे तिला विचारून सांगतेय. आणि आपल्या डार्लाचा वेड याच आजाराने गेला. त्याच्यासाठी आपण प्रार्थना केलीच नाही. त्याच्या आईच्या दारावर भूत टांगू नका, हे मी ठरवलं होतं."

ती खाली बसली. ट्वायला प्रार्थनेच्या पुस्तकात बघत राहिली. एक जोडपं उठून बाहेर गेलं, आणि ते पुन्हा कधी वर्नाशी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपल्या भावाचं नाव घेतलं. एका बाईने जावयाचं घेतलं. बेकरबाईंनी आपल्या मुलीचं घेतलं. नावं येत राहिली.

"एवढी माणसं," ओपलआजी हळूच म्हणाल्या, "आणि आपण सगळे इथेच बसून होतो."

दुसऱ्या दिवशी ट्वायला मॅकरोनीचं भांडं घेऊन डार्लाच्या दारात गेली. घंटा वाजवण्याआधी ती बराच वेळ नुसती उभी होती. पण तिने ती वाजवली.

कोरीन बरी झाली, असं सांगून गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. हा आजार तसा नाही. ती दवाखान्यात गेली, सावरली, घसरली, पुन्हा गेली. डिसेंबरात एका सकाळी वर्नाला ती न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली दिसली, ओठ निळे झालेले. वर्नाने ती डबी उघडली आणि औषध नाकात मारलं. कोरीनने श्वास घेतला. दार उघडं होतं म्हणून वर्नाला ती दिसली. वचन दिल्याप्रमाणे तिने कडी लावली नव्हती.

वाचकहो, व्यसन हा आजार आहे आणि तो माणसं मारतो, हे आपण जाणतो. पण त्याच्या आधी आपली कुजबुज त्या माणसाला आतून कडी लावायला लावते, आणि लावलेल्या कडीपलीकडे कोणाचीच मदत पोचत नाही. आपल्याही रस्त्यावर असं एखादं घर असेल. तिथला माणूस कशाने गेला, किंवा कशाने आजारी आहे, हे विचारत बसू नये. जावं, बसावं, कॉफी मागावी. आणि आपल्या घरात चार माणसांत बोलताना एवढं ध्यानात ठेवावं, की आतल्या खोलीत आपलंच कोणी ऐकत असेल.