हिरव्या कोटाचं गाणं

टाइडगेट बँडचा गायक डेन्झिल हा एनिड थॅकरेचा एकुलता एक मुलगा. साऱ्या इंग्लंडात त्याची पोस्टरं लागलेली, पण बारा वर्षांत आईनं त्याचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. रविवारी तो ग्रिम्सबीला आला की त्याला पोटभर जेवायला घालायचं, तेवढं तिला पुरे होतं.

त्या ऑगस्टात मात्र बँड गावातच, फुटबॉलच्या मैदानावर वाजवणार होता. मासे धुरी देऊन टिकवण्याच्या कारखान्यात एनिडसोबत काम करणाऱ्या मेव्हिसनं परस्पर दोन तिकिटं काढली.

"अगं, अख्खं गाव चाललंय आणि सख्खी आई घरी मोजे रफू करत बसणार?"

"कान फुटतील माझे."

"कापूस घाल. मीही घालणारेय."

शनिवारी दुपारी तीनलाच मैदान गच्च भरलं. पहिला अर्धा तास नुसता गदारोळ. एनिडला शब्द एक कळेना, पण घामानं निथळत उड्या मारणाऱ्या लेकाकडे बघून तिला हसू येत होतं.

"घरी बशी उचल म्हटलं तर याची पाठ दुखते!" ती मेव्हिसच्या कानात ओरडली.

मग बाकीचे वादक बाजूला झाले आणि डेन्झिल एकटाच पियानोपाशी बसला. शेजारची चष्मेवाली पोरगी म्हणाली, "'बंदर बंद'! हल्ली हे असं एकट्यानंच म्हणतो तो. रेकॉर्डवर ढोलांपुढे शब्दच ऐकू येत नाहीत. आता ऐका."

गाणं एनिडच्या ओळखीचं होतं. रेडिओवर सारखं लागायचं. बोटींबद्दल काहीतरी आहे, अशीच तिची समजूत. तिनं कानातला कापूस काढला.

'ती पाव आणायला गेली,' डेन्झिल गात होता, 'खुंटीवरचा हिरवा कोट घालून गेली.'

पुढची ओळ त्यानं गायलीच नाही. वीस हजार माणसांनी ती एका आवाजात म्हटली: 'अकरा दिवस मी दोन ताटं मांडली.'

चष्मेवाली पोरगी म्हणत होती. मेव्हिसही म्हणत होती, डोळे मिटून.

अकरा दिवसच होते. एकावन्न सालचा फेब्रुवारी. नवरा मासेमारीच्या बोटीवर आइसलँडकडे गेलेला, पोरगं पाच वर्षांचं. लीड्सची बहीण आजारी होती म्हणून जावं लागलं, असं तिनं परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं. पोराला तोवर शेजारणीनं सांभाळलं होतं. कुणी फार विचारलं नाही. शेजारीण गेली, पुढे नवराही गेला. पोरगं विसरलं असेल, असं एनिडनं धरून ठेवलं होतं.

शेवटच्या कडव्यात पोराची हाक ऐकून गाण्यातली आई परत येत होती. लोक रडत होते. गाणं संपून मध्यंतर झालं, तरी एनिड उभीच.

"काय गं, पांढरीफटक पडलीस!" मेव्हिस म्हणाली.

एनिड रंगमंचामागे निघाली. दारावरच्या धिप्पाड माणसानं अडवलं.

"मी त्याची आई आहे."

"आज सकाळपासून चौथी," तो म्हणाला. मग त्यानं तिचं नाक नीट पाहिलं आणि बाजूला झाला.

डेन्झिल टॉवेलनं मान पुसत होता. "आई? तू इथे?"

"तुला आठवतंय."

त्याचा हात थांबला. "आठवतंय म्हणजे? बारा वर्षं गातोय मी ते. मला वाटलं, तू ऐकलंयस आणि बोलायचं नाही असं ठरवलंयस."

"मला वाटलं, बोटींचं आहे."

"बोटींचं!" त्यानं टॉवेल भिरकावला. "लीड्सच्या मावशीला विचारलं होतं मी. ती म्हणाली, मी कुठे आजारी पडले होते?"

माफ कर म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ते शेवटचं कडवं तिला सहन होईना.

"लिव्हरपूलला होते मी. ओवेन प्रिचर्ड नावाचा माणूस होता. त्याच्याबरोबर कॅनडाच्या बोटीवर चढायचं ठरलं होतं."

"पण माझ्यासाठी परत आलीस ना."

"नाही रे. तो आलाच नाही. अकरा दिवस वाट बघितली. आला असता, तर गेले असते मी."

डेन्झिल खुर्चीवर बसला. कुणीतरी दारातून "दोन मिनिटं!" म्हणून ओरडलं. तो उठला, तिच्याकडे न बघता बाहेर गेला, आणि मैदान गरजलं.

पुढचे सहा रविवार तो आला नाही. त्यानं 'बंदर बंद' गायचं सोडलंय, लोक तिकिटाचे पैसे परत मागताहेत, असं मेव्हिसनं पेपरात वाचलं. एनिडनं तिला काहीच सांगितलं नाही.

सातव्या रविवारी तो आला. कोट न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला. एनिड बटाटे सोलत होती.

"दिसायला कसा होता?"

"कोण?"

"प्रिचर्ड."

तिनं सुरी खाली ठेवली, ओले हात ॲप्रनला पुसले. "उंच होता," ती म्हणाली, "आणि बोलायचा फार," आणि पहिल्यापासून सांगायला बसली.