चौथा रकाना

देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आला की क्षुल्लक गोष्टींना जागा उरत नाही, असं निवड समितीच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्यानंतरचे चार महिने समितीने नव्या लढाऊ विमानाला जुनी शिडी लागेल का, यावर काढले.

विंग कमांडरला त्याचंही काही वाटलं नाही. समितीत प्रत्यक्ष विमान उडवणारा तो एकटाच. तीन देशांत जाऊन तीन विमानं उडवून आला होता, आणि दुसऱ्याने त्याला पार वेड लावलं होतं. चाळीस मिनिटं उडवलं, पण उतरल्यावर तोंडावरचं हसू जेवणापर्यंत गेलं नाही. वर्षभरात त्याची उड्डाणाची वयोमर्यादा संपत होती. निवड आज झाली, तर पहिलं विमान उडवत आणायचा मान त्याचा. लांबली, तर टेबल, खुर्ची आणि फायली.

"आज तरी उरका बाई एकदाचं," बायको सकाळी म्हणाली. "झोपेत काय ओढत असता हो? परवा माझी उशी ओढलीत."

"चाकं आत घेत होतो."

"उशी होती ती."

बैठकीत सगळेच फुलून आले होते. भांडार अधिकारी तर नवा टाय लावून आले होते. कक्ष अधिकारी बाईंनी तक्ता उघडला. एकशे बारा निकष, प्रत्येक शाखेने आपापले दिलेले. कुणालाच नवी झंझट नको होती, म्हणून प्रत्येकाने जे हाताशी होतं त्याचंच माप लिहून दिलं होतं: शिडीची उंची, हँगरच्या दाराची रुंदी, विमान ओढायच्या ओढगाडीचा हूक. मागच्या तीन निवडींवर चौकशा बसल्या होत्या. त्यामुळे अध्यक्षांनी नियमच केला होता, की बेरीज सर्वांत जास्त त्याची शिफारस, चर्चा नाही.

"पहिलं, आठशे दोन," बाई वाचू लागल्या. "तिसरं, सातशे एक्क्याऐंशी. दुसरं, नऊशे एकेचाळीस."

विंग कमांडरने खुर्ची मागे सारली.

"चौथं, नऊशे बेचाळीस."

"चौथं कुठलं?"

"तुलनेसाठी आपलं जुनं विमान घेतलं होतं, सर."

"ते बसणारच की," भांडार अधिकारी खुशीत म्हणाले. "शिडी लागते, दारातून जातं, ओढगाडीला अडकतं. मी पहिल्यापासून सांगतोय."

"एका गुणाने?" विंग कमांडरचा आवाज चिरकला. "कुठल्या?"

बाईंनी पान उलटलं. "निकष एकशे बारा, वैमानिकाच्या हाताला असलेली सवय. दुसऱ्याला सहा, आपल्याला दहा. सही तुमचीच आहे, सर."

अठरा वर्षं तेच उडवत होता. दुसरं काय लिहिणार?

"सहाचे आठ करतो ना बाई. पेन द्या."

"खाडाखोड झाली की चौकशी लागते, सर."

अध्यक्ष उठून उभे राहिले. इतकी निर्मळ निवड त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. टाळ्या झाल्या, चहा आला. वैमानिकाने आपली आवड बाजूला ठेवली, म्हणून जो तो विंग कमांडरचा हात हातात घेऊन हलवू लागला. चाळीस विमानांच्या मागणीचं पत्र दुपारीच गेलं.

उत्तराला चौदा महिने लागले. ते विंग कमांडरच्याच टेबलावर आलं, कारण आवक टपाल आता तोच बघायचा. विमानाचा कारखाना बावीस वर्षांपूर्वी बंद झाला होता आणि त्या जागेवर वॉशिंग मशिन बनत होती.