पाचच्या आतला शिक्का

"पोत्यातली पत्रं मोजत बसू नकोस, लायनेल. पाकिटं उघडायला लाग," मिस लव्हर्न म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा नाकावर चढवला.

गुरुवारचे अकरा वाजत आले होते. सकाळीच राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता. चाकांच्या खुर्च्या वापरणाऱ्यांना त्या कंपनीकडेच न पाठवता बाहेर कुठेही दुरुस्त करून घेता याव्यात, असा एक नियम आमच्या व्यापार खात्यात दोन वर्षं शिजत होता. ते काम आज संध्याकाळी पाचला बंद करा, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. या नियमाबद्दल लोकांनी पाठवलेलं जे पत्र पाचच्या आत नोंदलं जाईल, ते सरकारी दप्तरात कायम राहणार होतं. उद्या कोणी कोर्टात गेलं, तर न्यायाधीशांना ते बघावं लागलं असतं. नंतरचं पत्र मात्र परत.

आणि पोतं आलं होतं नेमकं आज. वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांचं टपाल आधी बाहेरगावी जातं, विषाच्या भीतीने किरणांखाली भाजलं जातं आणि मग आमच्याकडे येतं. तीन आठवड्यांपूर्वी टाकलेली पत्रं होती ती. ज्यांना संगणक जमत नाही, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांची.

लव्हर्न टॉलिव्हर या बाई एकतीस वर्षं नोंदणीच्या टेबलावर होत्या. तारीख-वेळ उमटवणारा शिक्का त्यांच्याकडे, नोंदवहीही त्यांच्याकडे. वहीत नाव आणि पत्रातलं म्हणणं एका ओळीत लिहायचं, मग शिक्का, असा त्यांचा शिरस्ता. बाकीचे कारकून पहिल्या दोन ओळी बघून मोकळे होत. मिस लव्हर्न शेवटच्या सहीपर्यंत वाचत. आम्ही मागे त्यांना 'बायबल क्लास' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

दुपारी दोनपर्यंत निम्मं पोतंही झालं नव्हतं. त्यांचं तळलेल्या माशाचं सँडविच कागदात तसंच पडलं होतं. मी शेवटी म्हटलं, आधी सगळ्यांवर शिक्के मारून घेऊ, वाचायचं नंतर बघू.

"न वाचता शिक्का मारला तर मी साक्ष कसली दिली?" त्या म्हणाल्या आणि पुढचं पाकीट घेतलं.

मला राग आला. बाईंच्या सोवळ्यापायी गरिबांचं नुकसान होणार, हे मला दिसत होतं. मी पाकिटं फाडत राहिलो, पण तोंडाला कुलूप लावून.

पाच वाजले तेव्हा त्रेचाळीस पत्रं उरली होती. आमच्या वरिष्ठ हास्केल बाई खाली आल्या. वकील असूनही माणूस बरा. त्यांनी पत्रांचा गठ्ठा पाहिला, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, शिक्क्याचं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं, तर मला काही दिसलेलं नाही.

मिस लव्हर्ननी शिक्का हातात घेतला. मनातून मी म्हणत होतो, हो म्हणा.

"त्रेचाळीस शिक्के खोटे निघाले, तर आधीचे दोनशेसुद्धा कोणी खरे धरणार नाही," त्या म्हणाल्या. "नको, बाई."

हास्केल बाई गेल्या. मिस लव्हर्ननी शिक्का खणात ठेवला आणि उरलेल्यातलं पहिलं पत्र उघडून वाचायला घेतलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"लिहिलंय ना त्यांनी."

त्रेचाळीसही वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "चुकले का रे मी?" मी काही बोललो नाही. आजही त्याची लाज वाटते.

परतीच्या छापील चिठ्ठीवर 'उशिरा आल्यामुळे परत' एवढंच असतं. त्याखाली त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर हाताने लिहिलं, की तुम्ही वेळेत टाकलं होतंत, उशीर आमच्याकडे झाला. खाली स्वतःचं नाव आणि टेबलावरचा फोन नंबर. आमच्याकडे असला वेडेपणा कोणी करत नाही.

दहा दिवसांनी फोन यायला लागले. कोणी शिव्या घातल्या, कोणी रडलं. बाई सगळं ऐकून घेत. आपली बाजू कधी मांडत नसत.

एका दुपारी कॅन्ससहून एका बाईचा फोन आला. आवाज इतका चढा होता, की मला माझ्या खुर्चीवरून ऐकू येत होता. पत्र न वाचताच परत फेकलंत, असं तिचं म्हणणं. नाव विचारल्यावर तिने ते तोडून टाकल्यासारखं सांगितलं, विल्मा ऑस्टगार्ड.

मिस लव्हर्ननी डोळे मिटले. समोर कागद नव्हता.

"तुमच्या भावाच्या खुर्चीचं चाक मोडलं," त्या म्हणाल्या. "डावं. कंपनीने अकरा आठवडे लावले. तेवढे दिवस तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होता. पीच पिकले, पण त्याला झाडापर्यंत जाता आलं नाही."

पलीकडचा चढा आवाज खाली आला.

"हो," ती बाई म्हणाली. "डावंच." आणि तिने फोन ठेवला.