कडेचे तारे

वहिनीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं आणि स्टुडिओतल्या दोघा भावांना त्याचा पत्ताच नव्हता. थोरला, म्हणजे तिचा नवरा, आतल्या खोलीत दिव्यांच्या वायरी गुंडाळत होता. धाकटा काउंटरवर आरामात चहा पीत होता. ती मात्र कॉम्प्युटरसमोर बसून, काल गच्चीवरून नव्या दुर्बिणीतून काढलेला कृत्तिकांचा फोटो मोठा करून करून बघत होती.

मधले तारे झकास आले होते, टाचणीच्या टोकाएवढे. कोपऱ्यात गेलं की एकेकाला शेपूट फुटलेलं. चारही कोपऱ्यांत तीच रड. ठळक ताऱ्यांभोवती निळी झाक होती, ती वेगळीच.

"भाऊजी, ही मी सांगितलेली दुर्बीण नाही."

"तीच आहे की! आखूड, पांढरी, आकाशाचा मोठा तुकडा एका फोटोत मावेल अशी."

"मी तीन भिंगांची सांगितली होती. शिवाय कॅमेऱ्याच्या आधी बसवायचं एक जास्तीचं भिंग, म्हणजे कडेचे तारे गोल राहतात. ही दोनच भिंगांची आहे आणि ते जास्तीचं भिंग तर डब्यातच नाही."

"अहो वहिनी, दुकानदार माझा दोस्त आहे. तो म्हणाला, नवशिक्यांना एवढी पुरे."

नवशिक्या! लोकांच्या लग्नांचे अल्बम घरी नेऊन, डोळ्यांची वाट लावून, तिने या दुर्बिणीसाठी पैसे साठवले होते. कोणती घ्यायची यावर दोन वर्षं डोकं फोडलं होतं. लांबलचक नळी तिला नकोच होती, चंद्रावरचे खड्डे जवळून बघायची तिला हौस नव्हती. तिला आकाशाचा रुंद पट्टा हवा होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि सगळा धड. दुर्बीण आणायला निघालेल्या भाऊजींना हे सगळं तिने समजावून सांगितलं होतं आणि भाऊजींनी नंदीबैलासारखी मान हलवली होती. वर, दुर्बीण बदलून मिळायची मुदत आजच संपत होती.

नवरा वायरी टाकून बाहेर आला आणि स्क्रीनकडे वाकून बघू लागला.

"छान तर आलंय मधे. कडेला कोण बघतं? कडा कापून टाक, विषय संपला."

"आणि परतबिरत द्यायला जाऊ नका हं," धाकटा म्हणाला. "दोस्तापुढे माझं नाक कापलं जाईल."

वहिनीचा संताप आता पार मस्तकात गेला. ती उठली आणि तिने काउंटरमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे गिऱ्हाइकांना दिसावा म्हणून घरच्यांचा मोठा फोटो फ्रेम करून लावला होता. सासू-सासरे खुर्च्यांवर, मागे दोघे भाऊ, धाकटी जाऊ, पुढे मुलं.

"आईंच्या खुर्चीवर हा हात कुणाचा आहे?"

नवऱ्याने मान वर केली. खुर्चीच्या पाठीवर एक हात होता, घड्याळ घातलेला. मनगटापाशीच फ्रेमची कड आली होती, बाकीचं माणूस फोटोत नव्हतंच.

"आमच्या ताईचा असेल."

"ताई त्या दिवशी आल्याच नव्हत्या."

त्याने पुन्हा बघितलं. धाकट्याने कप खाली ठेवला.

"तयार फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून आणलीत. फोटो तिच्यात बसेना. तेव्हाही हेच म्हणालात, कडा कापून टाक. मीच कापली, याच खुर्चीत बसून. तुम्हाला वाटलं असेल, हिला कुठे काय कळतंय. सहा वर्षं रोज त्या फोटोखाली बसताय तुम्ही!"

"वहिनी, जाऊ द्या ना," धाकटा पुटपुटला. "दोस्त काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. तुमचं नाकच जाईल, भाऊजी. मी अख्खी कापली गेलेय."

तिने दुर्बीण खोक्यात घातली, पट्टी चिकटवली आणि खोकं उचललं. नवऱ्याची नजर तिच्या मनगटावर गेली. घड्याळ तेच होतं.

"थांब, मी येतो बरोबर."

"नको. माझी दुर्बीण मीच निवडून आणते. तुम्ही तो फोटो पुन्हा छापा, मूळ फाइल आहे अजून. आणि या वेळी फ्रेम फोटोच्या मापाची आणा."