भट्टी पन्नासावर

कारभारीनानांनी साखर कारखान्याच्या बॉयलरवर चौतीस सीझन काढले, आणि त्यांच्या पाळीत वाफ म्हणून कधी पडली नाही. ही गोष्ट माहीत नाही असा माणूस देवळाली प्रवऱ्यात सापडणं अवघड, कारण नानांनीच ती प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितली होती. रिटायर झाल्यावर मात्र माणूस पार उतरला. सकाळी पेपर, दुपारी झोप, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्यांच्या बॉयलरच्या चुका काढायच्या, एवढाच उद्योग राहिला. बायको गोजरबाई म्हणायची, बॉयलर सुटला आणि आता मलाच तापवत बसलेत.

अशात गावातल्या अमृतनं कॅनॉलच्या रस्त्याला माल्टचा प्लांट काढला. माल्ट म्हणजे काय, तर बार्ली भिजवायची, तिला मोड आणायचे आणि मोड आलेली बार्ली भट्टीत वाळवून बिअरच्या कंपनीला द्यायची. गावात आधी हाकाटी झाली की दारूचा कारखाना येतोय. मग कळलं की इथं दारूचा थेंबही होत नाही, नुसते मोड येतात, तेव्हा दोन-चार जणांची खरी निराशा झाली.

अमृतला भट्टीवर वाफ सांभाळणारा जाणता माणूस हवा होता, आणि नानांना हाक मारायचाच अवकाश होता. भिंती उठायच्या आधीपासून नाना तिथं. भट्टीची जाळीची फरशी बसवताना ते वेल्डरच्या डोक्यावर उभे राहिले, पाइपाचे तीन जोड उखडून पुन्हा करायला लावले, आणि पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा सगळ्यांना स्वतःच्या खिशातून पेढे वाटले. खरं सांगायचं तर एकसष्टाव्या वर्षी नाना नव्यानं सुखी झाले होते. घरातून निघताना शीळ घालायचे. गोजरबाई शेजारणींना सांगायची, आमचं माणूस हातभट्टीवर लागलंय.

प्लांटमधला शब्द मात्र जास्मिन मॅडमचा. कोल्हारची मुलगी, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. राहुरीच्या विद्यापीठात शिकून दोन वर्षं बाहेर माल्टचंच काम करून आलेली. दाणा दाताखाली धरला की आत किती ओल आहे ते सांगायची. नानांना ती मामा म्हणायची, आणि तिनं मामांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. ओला माल भट्टीत आला की पहिले बारा तास हवा भरपूर आणि आच पन्नास अंशांवर. त्याच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. दाणा कोरडा झाला की मगच हळूहळू चढवायचं.

नाना हो म्हणाले. पण पन्नास म्हणजे काय, हो? पन्नासात आंघोळीचं पाणी निघतं. बॉयलर भरलेला, वाफ तयार, आणि काटा आपला खाली लोळतोय, हे बघून नानांच्या जिवाची घालमेल व्हायला लागली. कारखान्यात काटा खाली आला की चीफ इंजिनिअर बूट वाजवत यायचा. चौतीस वर्षं त्या बुटांची धास्ती घेतलेला हात तो! दोन तास त्यांनी कसेबसे काढले आणि मग व्हॉल्व्ह फिरवला. काटा ऐंशीवर नेला. माल निम्म्या वेळात वाळला, दाणे कसे सोन्यासारखे दिसत होते. जास्मिन त्या दिवशी भिजवणाच्या टाक्यांचा पंप बिघडला म्हणून पलीकडं अडकली होती, आणि आच आपोआप टिपणारं यंत्र पुण्याहून अजून यायचं होतं. तक्ता नानांनीच भरायचा होता. त्यांनी तक्त्यात पन्नास लिहिलं. पोरीचं मनही राखलं आणि कामही वेळेआधी केलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅचलाही, मॅडम टाक्यांकडं वळल्या की त्यांनी तेच केलं.

मग बिअर कंपनीच्या लॅबचा रिपोर्ट आला. तिन्ही बॅचेस नापास.

जास्मिननं सगळ्यांना बसवून समजावलं. मोड येताना दाण्यात एक जिवंत ताकद तयार होते, तीच पुढं पिठाची साखर करते. साखर नाही तर बिअर नाही. या मालात ती ताकद मेलेली निघाली. मोड तर चांगले आले होते, भट्टीचा तक्ताही बरोबर होता, मग राहिली कोण? बार्ली. मार्चमध्ये ऊन फार तापलं, दाण्यात दोष शिरला असणार, असं अनुमान तिनं जड मनानं काढलं. अमृतनं लगेच राजस्थानातून बार्ली मागवायचं ठरवलं. गोडाऊनमध्ये पडलेली इथली बार्ली ज्याची त्यानं परत न्यावी, सोमवारी सगळ्या शेतकऱ्यांना बोलावून सांगून टाकू.

नानांना काळजी लागली ती कानिफनाथची. कानिफनाथ म्हणजे त्यांचा बांधाला बांध असलेला शेजारी. उसाशिवाय दुसरं पीक ठाऊक नसलेल्या त्या माणसाला नानांनीच बार्ली पेरायला लावली होती. तीन पाण्यांत येतंय पीक, माझ्या शब्दावर पेर, असं म्हणाले होते. त्यानं शब्दावर दोन एकर पेरली, आणि त्याचं बघून पलीकडच्या वस्तीवरच्या वीसेक जणांनी पेरली. आता ही बार्ली नासकी ठरणार होती, आणि पुढच्या वर्षी इथं कुणी एक दाणा पेरणार नव्हतं.

भट्टीचा विचार नानांच्या मनाला शिवलाही नव्हता. जास्त आचेनं काय बिघडतं, लवकर वाळतं एवढंच. तो शिवला रविवारी सकाळी, स्वयंपाकघरात.

गोजरबाई चार दिवस लेकीकडं शेवगावला गेली होती आणि नानांनी आदल्या दिवशी दुधाला स्वतःच विरजण लावलं होतं. गोजरबाईनं येऊन झाकण काढलं, तर आत दही नव्हतं, दूधच होतं, तेही वासाला लागलेलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"कडत दुधात घातलं व्हय?"

नाना म्हणाले, घातलं खरं, लवकर लागंल म्हणून.

"मग मेलं की त्यातलं विरजन. कोमट लागतं त्याला. दह्यातबी जीव आसतो."

ती भांडं घेऊन मोरीकडं गेली आणि नाना तिथंच उभे राहिले. जिवंत ताकद मेली, असं जास्मिन म्हणाली होती. ओल्या दाण्यात जीव असतो. ओल्या दाण्यात, आणि त्याच ओल्या दाण्यावर आपण ऐंशीची वाफ सोडली. एकदा नाही, तीनदा. वर तक्त्यात पन्नास लिहून त्या पोरीला आंधळं केलं. नाना मटकन पाटावर बसले. गोजरबाईला वाटलं चक्कर आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे उद्या बोललो तर प्लांटचं दार मला बंद होणार. गोजरबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली की घरी बसलात तर मला चालंल, पण कानिफनाथाच्या बायकोला मी रोज तोंड दाखवते.

सोमवारी प्लांटच्या आवारात शेतकरी जमले. अमृत घसा साफ करून उभा राहिला, बार्लीत दोष निघाला म्हणून बोलायला लागला. कानिफनाथ पुढच्याच खुर्चीवर चहाचा कप हातात धरून खाली मान घालून बसला होता. त्याची ती खाली गेलेली मान नानांना बघवेना.

"अमृतराव, थांबा," नाना उठले. "बार्लीचा दोस न्हाई. ओल्या मालावर भट्टी मी ऐंशीला चढवली. आन् तक्त्यात पन्नास लिवलं, ते खोटं लिवलं."

अमृतचा चेहरा लालबुंद झाला. जास्मिन खुर्चीतून उठली.

"तिन्ही वेळा, मामा?"

"तिन्ही वेळा."

तिला राग आला असणारच. कुणाला येणार नाही? पण ती खुर्चीत परत बसली, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "म्हणजे बार्ली चांगली आहे."

कानिफनाथनं कप खाली ठेवला आणि मान वर केली. नानांना त्याच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

अमृत म्हणाला, नाना, तुम्ही घरी जा. त्याचं चुकलं असं कुणीच म्हणणार नाही. पण जास्मिन आडवी आली. चौथी बॅच मोडावर होती, तिच्यातही हीच बार्ली होती. ती वाळवायला मामाच बसतील, मी शेजारी असेन, असं तिनं ठामपणे सांगितलं. अमृत मोठ्या नाखुशीनं हो म्हणाला.

तीन दिवसांनी भट्टी पेटली. पहाटे पाचपासून नाना व्हॉल्व्हच्या शेजारी स्टुलावर बसले, आणि हात पुन्हा चाळवतील म्हणून दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले. पन्नासच का, हे त्यांनी विचारलं, चौतीस वर्षांत कुणाला 'का' विचारायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि जास्मिननं दाणा उभा चिरून त्यांना आतलं सगळं दाखवलं. दुपारी गोजरबाई डबा घेऊन आली आणि नवऱ्याला असं हातांवर बसलेलं बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. नानाही हसले. संध्याकाळी पाचला जास्मिननं दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. मगच काटा वर गेला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. माल पास. राजस्थानचा विषय अमृतनं स्वतःच मिटवला. कानिफनाथ नानांच्या दारात आला, ओट्यावर बसला, पुढच्या साली तीन एकर करतो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्या बाबतीत एवढंच बोलणं झालं.

पण अमृत शेवटी मालक. त्यानं बाजारातून साखळी आणि पितळेचं मोठं कुलूप आणलं, व्हॉल्व्हला घालायला, म्हणजे पुन्हा कुणाचा हात जायला नको. साखळी घालताना नाना मागं उभे होते. हे आपल्यासाठीच आहे हे त्यांना कळत होतं, आणि वाईटही वाटत होतं, पण बरोबरच चाललंय, असंही वाटत होतं.

जास्मिननं कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली नानांपुढं धरली.

"मॅडम, मला नगं," नाना मागं सरले. "पुन्ना माझाच हात गेला तर?"

"त्यानं काय मरतं, हे इथं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे, मामा?"

नानांना रडू आलं. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. अमृत दुसरीकडं बघायला लागला. नानांनी किल्ली घेतली, शर्ट वर करून करगोट्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग बाहीनं डोळे पुसून ते पाचव्या बॅचचा माल भरायला गेले.